दसऱ्याच्या मुहूर्तावरच्या लिंका

नाशिकच्या कॉलेज रोडला एका झेरॉक्सच्या दुकानावर आमची लहानशी खोली होती. तिथे बसून मी लोकांच्या वेबसाइट बनवायचे आणि त्या सर्चमध्ये वर आणायचे. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. मी नेमकं काय करते हे घरात कुणालाच कळायचं नाही. सासूबाई तर खुशाल सांगायच्या, "टायपिंग करते ती." म्हटलं, असू दे.

वर आणायचं म्हणजे दुसऱ्यांच्या साइटवर आपल्या साइटच्या लिंका हव्यात. चार जण ज्याचं नाव घेतात तो बरा असणार, असं त्या सर्च इंजिनाचं मत. आता चार जण आपणहून नाव घेईनात, तर पैसे देऊन घ्यायला लावायचं. सगळेच करत होते. मीही करत होते, उगाच सोवळ्याचा आव आणत नाही. पण त्याला पथ्यं होती. थोड्या थोड्या घ्यायच्या, आठवड्याला दोन-तीन. सगळ्या एकाच माणसाकडून नाही. जुगाराच्या साइटवर तर मुळीच नाही. आणि प्रत्येक लिंकवरचे शब्द वेगळे ठेवायचे, म्हणजे ठरवून केलंय हे उघड दिसत नाही. सापडलात की तुमची साइट सर्चमधून गायब, आणि दाद मागायला तिकडे माणूस नाही.

माझ्या थोरल्या नणंदेचं त्र्यंबकेश्वरला लॉज होतं. पाच खोल्या, त्याही मागच्या गल्लीत. यजमान गेल्यापासून ताई एकट्याच ते चालवत होत्या. नारायण नागबळीसाठी बाहेरगावची कुटुंबं तीन दिवस मुक्कामाला येतात. त्यांना पहाटे कढत पाणी आणि वेळेवर साधं जेवण, एवढं ताई चोख द्यायच्या. पण देवळाच्या रस्त्यावर नवी हॉटेलं उभी राहिली, मग गल्लीत कोण शिरतंय! इमारत ताईंच्या धाकट्या दिरांच्या नावावर. त्यांनी स्पष्टच सांगितलं होतं, "वहिनी, शिमग्यापर्यंत खोल्या भरायला लागल्या तर खुशाल चालवा. नाहीतर मी विकतो." लॉजच्याच एका खोलीत ताई राहायच्या. ते गेलं की त्यांचं घरही गेलं.

"काहीतरी कर गं बाई," ताई म्हणाल्या. मी साइट बनवली. दोन महिने अगदी पथ्याने लिंका घेतल्या. साइट पाचव्या पानावरून तिसऱ्यावर आली. तिसरं पान कोण बघतंय, डोंबल!

नवरात्रात ताई नाशिकला आल्या आणि माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसल्या. "अशी चिमूटचिमूट काय टाकतेस? दसऱ्याला घाल सगळ्या, मुहूर्तावर. आणि शब्द एकच ठेव. संकल्प काय दर वेळी वेगळा सोडतात का?"

"ताई, एका दिवसात इतक्या ठिकाणी एकच वाक्य आलं तर त्यांना कळतं हो."

"कुणाला?"

मशीनला कळतं, असं मी म्हणाले. माणूस नव्हताच कुणी तिथे. ताईंना वाटलं मी टाळते आहे. मी चिडले, तशा त्या रडायलाच लागल्या. शिमगा आला, शिमगा आला म्हणून रडल्या. मी हो म्हणाले. पण सगळं त्यांच्या रडण्यावर ढकलणं हा लबाडपणा होईल. घाई मलाही झाली होती. पहिल्या पानावर आपलं काम बघायचा मला हव्यास होता.

दिल्लीचा एक जण चॅटवर लिंका विकायचा. त्याचा चेहरा मी कधी पाहिला नाही. एका दिवसात सगळ्या होतील का, विचारलं. "मॅडम, आप बोलो तो एक घंटे में." इतक्या पटकन हो म्हणाला, की माझ्या मनात पाल चुकचुकली. तरी दसऱ्याला आम्ही मॉनिटरला झेंडूची माळ घातली, ताईंनी पंचांग बघून मान हलवली आणि मी त्याला 'करा' म्हणून लिहिलं. तासाभरात झालं सगळं. मी दोन साइट उघडून पाहिल्या. एक ट्रकच्या टायरांची होती, दुसरीची लिपीच मला वाचता येईना. दोन्हीकडे तळाला आमचं तेच वाक्य. बाकीच्या उघडायचा मला धीर झाला नाही.

दिवाळीत आम्ही पहिल्या पानावर. ताईंना फोन खाली ठेवता येईना. पाचही खोल्या भरल्या, दिरांनी आपणहून रंगारी पाठवला. ताईंनी पेढे धाडले. मी मात्र सकाळी दात घासायच्या आधी कॉम्प्युटर लावायचे आणि साइट जागेवर आहे ना ते बघायचे. हे कुणाशी बोलायचीही सोय नव्हती.

मार्गशीर्षात एका सकाळी ती दिसली नाही. दुसरं पान पाहिलं, दहावं पाहिलं. मग लॉजचं नाव गावासकट जसंच्या तसं टाकलं. तरी नाही. तेवढ्यात भारनियमनामुळे वीज गेली, आणि खरं सांगते, बरं वाटलं.

दिल्लीवाला चॅटवर पुन्हा आला नाही. लिंका काढून टाका म्हणून मी एकेका साइटवाल्याला पत्रं लिहिली. उत्तरं आली तीन. त्यातला एक म्हणाला, काढायचे वेगळे पैसे पडतील! सर्च इंजिनाला माफीचा अर्ज केला. मशीनने लिहिलेली पोच आली, पुढे काही नाही.

ताईंना मी सांगितलं, सर्व्हर बिघडलाय. त्या रोज फोन करायच्या. "सर्व्हर बरा झाला का गं?" घरात कुणी आजारी असावं तसं विचारायच्या. एकदा म्हणाल्या, "मी सोमवार धरलेत त्याच्यासाठी." मी फोन ठेवला आणि ढसाढसा रडले.

शिमगा झाला. दीर बिचारे भले, पाडव्यापर्यंत थांबले. मग इमारत विकली. ताई दोन ट्रंका घेऊन आमच्याकडे राहायला आल्या. भाजी निवडायच्या, कपड्यांच्या घड्या घालायच्या, आणि मी समोर आले की हसायच्या. त्यांचं ते हसणं मला सोसायचं नाही. आज सांगते, उद्या सांगते, असं करत मी वर्ष घालवलं.

पुढे आम्ही मोठं ऑफिस घेतलं. भावंडांत ताई सगळ्यांत थोरल्या, म्हणून नारळ त्यांच्या हातून वाढवायचं ठरलं. दारापर्यंत त्या आल्या आणि तिथेच थांबल्या. दोन्ही हात पदराखाली घेतले.

"ये ना ताई," माझा नवरा म्हणाला.

"नको रे. तुम्ही वाढवा. मी हात लावते ते बुडतं. हिने लॉजसाठी एवढे कष्ट केले, माझ्या पायगुणाने सगळं वाया गेलं. निदान तुमचं तरी नीट चालू दे."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला मी एका रात्री सगळं सांगितलं होतं. सांगायचं तर तीच वेळ होती. मी नवऱ्याच्या हातातून नारळ घेतला आणि स्वतःच फोडला.