खरवडलेली भिंत

ओल्या शेणामातीचा वास आला की कॅनडात एडमंटनबाहेर युक्रेनमधून आलेल्या शेतकऱ्यांनी बांधलेलं ते जुनं घर आठवतं आणि अजून डोकं फिरतं. सरकारने ते पाडायचं ठरवलं, म्हणून मी पत्रक काढलं: 'ओंडक्यांचं घर वाचवा.' सह्या मागायला गेले तर तिथली आपलीच मराठी मंडळी हसायची, "अगं, ओंडके कुठायत? ही तर चुन्याची भिंत." मग आम्हीच दर्शनी भिंतीचा गिलावा खरवडला. गवताच्या काड्यांसकट माती पडली, ओंडके दिसले, फोटो झकास आला. वारसा खात्याकडून पाहणीला आलेल्या बाई म्हणाल्या, "नुसत्या ओंडक्यांची घरं इथे सगळीकडे आहेत. युक्रेनी घरांची खासियत हा शेणामातीचा गिलावाच होता, तोच काढलात?" घर पाडलं. सरकारवर मी पानंच्या पानं लिहिली. पण गावी दर सुट्टीत भिंती सारवणाऱ्या मला सारवलेली भिंत ओळखता आली नाही, हे कुठल्याच पत्रकात लिहिलं नाही.