पाहुण्यांसमोर खोकायचं नाही

माझ्या थोरलीची छाती जन्मापासूनच नाजूक. थंडी पडली की तिला खोकल्याची उबळ यायची, आणि एकदा आली की ओठ निळे पडेपर्यंत थांबायची नाही. आम्ही तेव्हा महाळुंग्यात राहायचो, एकोणीसशे पन्नासनंतरच्या त्या वर्षांत. आज तिथे कारखान्यांच्या भिंतींशिवाय काही दिसत नाही. तेव्हा बाजरी, कांदा आणि धूळ एवढंच होतं. डॉक्टर नव्हता. अंगारा मिळायचा, काढा मिळायचा, आणि सल्ला तर घरोघरी फुकट होता. मुलीचे वडील पिंपरीला औषधाच्या नव्या कारखान्यात लागले होते, सुट्टीला घरी यायचे. बाप औषधाच्या कारखान्यात आणि पोरीला इंजेक्शन द्यायला कोणी नाही, हे मी त्यांना इतक्यांदा ऐकवलं की बिचारे सुट्टीच्या दिवशीही शेतावर निघून जायचे.

उबळ फारच वाढली की पुणं गाठावं लागायचं. शेजारच्या भाभींचे मालक टांगा हाकायचे, ते आम्हाला चाकणपर्यंत सोडायचे, पुढे एसटी. पुण्याच्या दवाखान्यात मुलीला वॉर्डात ठेवून घ्यायचे आणि मला बाहेर काढायचे. आईने आत थांबायचं नाही, असा तिथला नियम होता. आया सगळ्या फाटकाबाहेर चिंचेखाली बसून राहायच्या, भाकरी फडक्यात तशीच. संध्याकाळी थोडा वेळ आत सोडायचे. पहिल्या खेपेला घरी परतताना मुलगी मला मोठ्या ऐटीत म्हणाली, "तिथं रडलं की बाई रागावतात. मी रडलेच नाही." तिला माझ्याकडून शाबासकी हवी होती. मी तिला मांडीवर ओढून घेतलं.

तेव्हाच मी मनाशी ठरवलं, आठवड्यातून एक दिवस का होईना, डॉक्टर गावात आला पाहिजे. आईच्या मांडीवर मूल असताना त्याने ते तपासलं पाहिजे. भाभी लगेच तयार झाल्या. त्यांच्या धाकट्याला झटके यायचे, आणि झटका आला की त्या बाईची शुद्ध हरपायची, पोराच्या आधी.

आम्ही दोघी घरोघर फिरलो. काय सांगू! ज्या घरातून आदल्या दिवशी रडण्याचा आवाज ऐकलेला, त्याच घरची बाई दारात उभी राहून म्हणायची, "आमच्यात कोण आजारी न्हाई, द्येवाच्या किरपेनं." दुखणाईत पोर कबूल करायचं नाही. मुलगी असेल तर पुढे लग्नाच्या आड येतं, मुलगा असेल तर दृष्ट लागते. पुढे चावडीत दर मंगळवारी डॉक्टर बसायला लागला तेव्हा रांगेत हीच घरं सगळ्यात पुढे होती. पण तेव्हा नाही. पाटील मला म्हणाले, "सूनबाई, तुमच्या येका पोरीपायी सरकार डाक्टर धाडंल व्हय?" मी म्हटलं, एक नाही, गावभर आहेत. ते हसले. त्यांच्या स्वतःच्या नातवाचा कान वर्षभर वाहत होता.

गावात आणि जिल्ह्याचे दवाखाने चालवणाऱ्या लोकल बोर्डाच्या कचेरीत बोलून बोलून तोंडाला फेस आला, तेव्हा कुठे बोर्डाचे डॉक्टरसाहेब गाव बघायला येणार असं ठरलं. ते पोरं बघणार आणि गरज आहे की नाही ते ठरवणार. मला त्या आठवड्यात नीट जेवण गेलं नाही.

साहेबांच्या जीपला फाट्यावरून वाट दाखवायला मी आणि भाभी पहाटेच टांग्यातून गेलो. वाटेत सगळं सांगू, असा आमचा बेत. पण जीपमध्ये आधीच बोर्डाची माणसं दाटीवाटीने बसलेली. जीप धूळ उडवत पुढे गेली आणि आम्ही टांग्यातून मागे.

पोहोचून बघते तर चावडीला आंब्याच्या पानांचं तोरण, सडा, रांगोळी. गावातली झाडून सारी धट्टीकट्टी पोरं तेल लावून, भांग पाडून ओळीत उभी. दुखणाईत पोरं पाटलांच्या गोठ्यामागच्या खोलीत कोंडलेली, बाहेरून कडी. आणि ओळीच्या पुढे, हातात ओवाळणीचं ताट घेऊन, नवं परकर-पोलकं नेसून, डोळ्यांत काजळ घालून माझी थोरली! तिचा आवाज गोड, म्हणून स्वागताचं गाणं तिच्याकडे. तिला नटवली होती माझ्या सासूबाईंनी.

मी त्यांना बाजूला ओढलं. त्या म्हणाल्या, "पाव्हण्याम्होरं दुखणाईत पोर आणत्यात व्हय? गावाची काय आब हाय का न्हाई?"

मुलगी गायली. सगळी कडवी गायली. साहेबांनी तिच्या गालाला हात लावला आणि म्हणाले, "वा! इथली हवा फारच चांगली दिसते. पोरं कशी टवटवीत आहेत." मी पुढे झाले, तर पाटील म्हणाले, आधी च्या घिऊ द्या सायबांना. चहा झाला, हार झाले, साहेब उठले. मी जीपचा दांडा धरून म्हटलं, साहेब, हीच मुलगी आजारी आहे, हिलाच तपासा. त्यांनी फुलं माळलेल्या पोरीकडे बघितलं आणि हसून म्हणाले, "बाई, आईला आपलं मूल अशक्तच वाटतं." जीप गेली.

धूळ खाली बसायच्या आत पोरगी घरामागे पळाली. मी गेले तर उकिरड्याशी वाकून खोकत होती, ओकत होती, नव्या परकरावर सगळं. श्वास सापडल्यावर वर बघून म्हणाली, "आई, मी एकदासुद्धा खोकले नाही." काजळ गालावर ओघळलेलं, आणि चेहऱ्यावर शाबासकीची वाट.

मला संताप आला, पण कोणावर काढणार? वाईट कोणीच नव्हतं. सासूबाई मागे उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं. त्या रात्रभर तिची छाती कापराच्या तेलाने चोळत बसल्या. सकाळी त्या एकट्याच बाहेर पडल्या आणि दारोदार जाऊन सांगू लागल्या, "माझी नात मराया टेकली हुती, आन मी तिला फुलं माळत हुते." मी वर्षभर सांगून जी दुखणी कोणी कबूल केली नाहीत, ती त्यांच्या त्या एका वाक्याने बाहेर आली. मला बरं वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला.

साहेब पुन्हा यायला पुढचा हिवाळा उजाडला. तोवर आम्ही बोर्डाच्या दारात इतक्या खेपा घातल्या की तिथला शिपाई भाभींना नमस्कार करायला लागला होता. पाटलांनी पुन्हा तोरण बांधलं. सासूबाई म्हणाल्या, "तोरन ऱ्हाऊ द्या. पोरं आमी आणतो."

बायका आल्या. न्हाऊ न घालता, जशी होती तशी पोरं उचलून आल्या आणि साहेबांच्या खुर्चीपुढे जमिनीवर बसल्या. भाभी धाकट्याला पोटाशी धरून, मी थोरलीला. पाटलांची सूनसुद्धा आली, त्या वाहत्या कानाला घेऊन.

आणि चावडीत चिडीचूप. एक पोर रडेना, एक खोकेना. आम्हीच शिकवलेलं ना! माझ्या थोरलीने माझा पदर तोंडात कोंबला होता, चेहरा लालबुंद, डोळ्यांतून पाणी. साहेब चहा पीत इकडे तिकडे बघत होते. बहुधा हवेबद्दलच काही बोलणार होते.

सासूबाई मागून सरकत पुढे आल्या. थोरलीच्या तोंडातला पदर त्यांनी काढला. "खोक गं माझे बाय," त्या म्हणाल्या, "पाव्हणा न्हाई त्यो, डाक्टर हाय."

तिने माझ्या कानाशी तोंड आणलं. "साहेब रागावणार नाहीत ना?"

नाही, मी म्हटलं.

मग ती खोकली. तिच्यामागून भाभींचा धाकटा, मग आणखी कोणी, आणि बघता बघता सगळी चावडी खोकायला लागली. साहेबांनी कप खाली ठेवला.