जिन्याखालची दोरी

आपल्या लेकीची सावली हॉटेलच्या पायरीखाली चिणली आहे, हा विचार नेव्हेनाच्या मनातून जाता जात नव्हता. शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईला हे शोभत नाही, हे तिचं तिलाच कळत होतं. तरी आज अडतिसावा दिवस, हे तिने झोपेतही सांगितलं असतं.

रुसे शहराच्या चौकातलं ‘हॉटेल कलिना’ वीस वर्षं बंद होतं. त्याच्या नाचघराच्या छताला आतून प्लास्टरची गुलाबफुलं होती. सरकारने तिथे कचेऱ्या थाटल्या तेव्हा ती फोडायचा हुकूम नेव्हेनाच्या वडिलांना, मित्को गवंड्याला, मिळाला. त्यांनी फुलांना हात लावला नाही. वीतभर खाली फळ्यांचं खोटं छत ठोकलं आणि तोंड मिटून राहिले. म्हातारपणी, जाण्याआधी, फक्त नातीच्या कानात सांगितलं.

ती नात म्हणजे नेव्हेनाची लेक झोर्नित्सा. लहानपणी रंगाचा पोपडा दिसला की नखाने खरवडत बसायची. मोठेपणी जुन्या इमारतींचं रंगकाम, नक्षीकाम दुरुस्त करायलाच शिकली. हॉटेलची डागडुजी निघाली तेव्हा फळ्या काढायला पहिली तीच चढली आणि वरून ओरडली, “आजोबा, सगळी आहेत हो!”

मग जिना आडवा आला. नवा बांधलेला दगडी जिना दोनदा तडकला. म्हातारा गांचो गवंडी म्हणाला, “याला सावली हवी.” कुणाची तरी सावली दोरीने मोजायची आणि ती दोरी पायरीखाली चिणायची, की काम टिकतं. ज्याची सावली, तो मात्र चाळीस दिवसांत जातो म्हणतात. म्हणून मोजायची ती चोरूनच.

हे झोर्नित्सानेच फोनवर हसत सांगितलं होतं.

“बेकरीतली रालित्सा आम्हाला न्याहारीला गरम बानित्सा घेऊन आली होती गं. सातवा महिना तिला. गांचोकाका दोरी घेऊन हळूच तिच्या मागे! म्हटलं, काका, माझी घ्या. लांब आहे, जिन्याला पुरेल.”

“आणि घेतली त्याने?”

“घेतली की! आई, वर्गात काय शिकवतेस गं तू पोरांना?”

“दोरी काढायला सांग त्याला.”

“हे बघ, तू त्याला फोनबिन केलास ना, तर अख्खं बांधकाम मला हसेल. मग बोलणार नाही मी तुझ्याशी.”

नेव्हेनाने सदतीस दिवस कळ काढली. पण काल झोर्नित्सा फोनवर खोकत होती. चुन्याची धूळ, दुसरं काय! आणि उद्या मधल्या मोठ्या फुलासाठी ती सगळ्यात उंच परांचीवर चढणार होती. दुसरीचं पोटातलं पोर वाचावं म्हणून स्वतःची सावली पुढे करणाऱ्या पोरीला रागवायचं तरी कसं?

दुपारची भांडी तशीच टाकून नेव्हेनाने वडिलांची जुनी वही काढली. गांचोचा नंबर तीत होता. दोरी काढ म्हटलं तर म्हातारा ऐकायचा नाही, जिना पुन्हा तडकेल म्हणेल. मग सांगायचं, माझी मोज आणि तिच्या दोरीच्या जागी ती घाल. आम्ही मायलेकी एकाच उंचीच्या.

लेक चिडेल. चिडू दे, चिडायला असू दे म्हणजे झालं.

रविवारी जेवल्यावर गांचो झोपतो, हे तिला ठाऊक होतं. तरी तिने फोन उचलला.