फरीदाबादचे मार्गदर्शककाका

मार्गदर्शककाका कोणाच्याही घरी आले की पाण्याआधी त्यांच्या हातात मुलांची गुणपत्रिका द्यावी लागे. पाणी नंतर, आधी टक्के. चष्मा कपाळावर सरकवून ते ती वाचत आणि शेवटी जीभ टाळ्याला लावून 'चक्' असा आवाज काढत. वर्गात पहिल्या आलेल्या पोरालाही तो चुकला नाही. आमच्या सेक्टरात विदर्भातून आलेली पंधरा-वीस कुटुंबं होती. त्यातल्या प्रत्येक मुलाचं लहानपण या आवाजाच्या धाकात गेलं.

'मार्गदर्शक' हे नाव त्यांनी स्वतःच घेतलं होतं. या कुटुंबांनी काढलेल्या मंडळाच्या निवडणुकीत अध्यक्ष, सचिव, खजिनदार यांपैकी एकही पद त्यांच्या वाट्याला आलं नाही, तेव्हा मंडळाच्या कार्यक्रमाची पत्रिका छापायला टाकताना त्यांनी आपल्या नावापुढे हा शब्द घालून घेतला. कोणी हरकत घेतली नाही आणि तो कायमचा चिकटला. सरकारी कार्यालयात तीस वर्षं फायलींना दोऱ्या बांधूनही हा माणूस साहेब झाला नव्हता. म्हणून आम्ही सगळ्यांनी साहेब व्हायचं होतं.

खोटं कशाला बोलू, आम्ही वर्ध्याहून इथे आलो तेव्हा बाबांना धड हिंदी येत नव्हती. माझ्या शाळाप्रवेशासाठी काका तीन दिवस त्यांच्याबरोबर फिरले. पण त्या तीन दिवसांच्या बदल्यात माझी पुढची सगळी वर्षं आपल्या ताब्यात आली, असं त्यांनी धरून ठेवलं.

बारावीत असताना आईबरोबर चादरी घ्यायला पानिपतला गेले होते. दुकानाच्या मागे हातमाग चालू होते. मी तासभर तिथून हलले नाही. घरी येऊन सांगितलं, मला विणकाम शिकायचंय, कापडाचं डिझाइन शिकायचंय. बाबा हसले. "माझ्या आजाच्या घरी माग होता," म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर नकार नव्हता.

रविवारी काका आले.

"अच्छा, माग?" ते म्हणाले. "तुझ्या पणजोबानं पोटासाठी माग चालवला. तो सुटावा म्हणून आपला समाज शिकला. आणि तू परत मागाच्या त्या खड्ड्यात पाय सोडून बसणार? कलेक्टर हो बेटा. मग घे हव्या तेवढ्या चादरी."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच तर चीड आणणारी गोष्ट. आमच्या पूर्वजांचे हाल हा माणूस मास्तरच्या छडीसारखे वापरायचा. ज्यांनी ते सोसले त्यांनी कधी तसे वापरले नाहीत. बाबा मान खाली घालून ऐकत राहिले. रात्री जेवताना म्हणाले, "काका म्हणतात तसंच करू."

तीन वर्षं पदवीची गेली, चार दिल्लीतल्या अभ्यासिकेत. स्पर्धा परीक्षा चारदा दिली, चारही वेळा पहिल्याच पायरीवर आपटले. त्या वर्षी मंडळाच्या जयंतीच्या कार्यक्रमात काकांनी माईक घेतला. "काही मुलांवर आपण डोळे लावून बसलो होतो," ते म्हणाले, "त्यांनी माती केली. ही आपली रोहिणीच बघा."

दोनशे माणसं माझ्याकडे वळून बघायला लागली. मी उभी राहिले.

"काका, तुमचा प्रशांत गुरुग्रामला मोठ्या हुद्द्यावर आहे ना? मी गेल्या महिन्यात मैत्रिणीच्या सोसायटीत गेले होते. तिथल्या जिममध्ये तो लोकांना व्यायाम शिकवत होता."

काकांनी माईक खाली घेतला, पण तो चालूच होता.

"माहीत आहे मला. सहा वर्षं झाली. आनंदात आहे तो."

यावर त्यांची दया यायला हवी होती. मला किळस आली. आनंदात राहण्याची सवलत या माणसाने स्वतःच्या मुलाला गुपचूप देऊन टाकली होती आणि उरलेली समाजसेवा आमच्यावर केली होती. दुसऱ्या दिवशी मी प्रशांतची माफी मागायला फोन केला. तो म्हणाला, "छोड यार. पप्पांचं नाटक एकदाचं संपलं."

काकांनी मग कार्यक्रमांना येणं सोडलं. मी पानिपतला एका चादरींच्या कारखान्यात नमुने काढायचं काम धरलं, बरोबरच्या पोरींपेक्षा सात वर्षांनी मोठी होऊन. गेल्या महिन्यात काका-काकू कायमचे नागपूरला निघाले. बाबा त्यांना पोचवायला स्टेशनवर निघाले आणि मलाही चल म्हणाले.

"मी नाही येणार. त्या माणसाने माझी सात वर्षं खाल्ली."

बाबा बुटाची लेस बांधत होते. ते थांबले.

"त्याने नाही खाल्ली. तो बोलला फक्त. बोलायला त्याचं काय जातं? तुला नाही म्हणायचं होतं ते मला. स्वतःच्या तोंडाने म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून त्याला रविवारी बोलावून घेतलं."

बाबांनी दुसरी लेस बांधली, पिशवीत काकांसाठी पाण्याची बाटली टाकली आणि "दार लावून घे" म्हणून बाहेर पडले. काकांसाठी इतकी वर्षं जपलेला सगळा तिरस्कार माझ्यापाशी तसाच होता. त्यातला निम्मा ज्याचा होता, तो माणूस गुडघा धरून एकेक पायरी उतरत होता.