सोबतीला कोण?

सगुणाबाईनं दवाखाने खूप पाहिले होते, पण ते दुसऱ्यांसाठी. तीर्थपुरीत ती भावाच्या, काकासाहेबाच्या घरी राहायची. ऐन वयात पाठीवर कोड उठलं, ठरलेलं लग्न मोडलं आणि पुढं तो विषय कुणी काढला नाही. तेव्हापासून घरात जो आजारी पडेल त्याच्यासंगं जालन्याला तीच. भावजयीची बाळंतपणं, आईचा मोतीबिंदू, भाच्याचा मोडलेला हात. खाटेजवळ गोधडी टाकून पडायचं, चहा आणायचा, गोळ्यांच्या वेळा ध्यानात ठेवायच्या. नर्सबाया ओळखू लागल्या होत्या. "आज कोणाला आणलं?" म्हणायच्या. तुम्हाला काय होतंय, असं कुणी विचारलं नव्हतं आणि तिलाही त्याचं काही वाटलं नव्हतं.

सत्त्याण्णव साली दिवाळीनंतर शाळेत बायकांच्या तपासणीचं शिबिर भरलं. भावजय साळूबाईची कंबर धरली होती, म्हणून सगुणाबाई तिला घेऊन गेली. नावं लिहून घेणाऱ्या उषाबाई नर्सनं साळूबाईचं झाल्यावर विचारलं, "अन् तुम्हाला लेकरं किती?"

"माझं लगीन न्हाई झालं. मी हिच्यासंगं आल्ते."

"मंग बसा की तुम्हीबी. लगीन झालं न्हाई म्हणून दुखणं टळतं का?"

साळूबाईनं कोपर मारलं. "वन्सं, तुम्ही कशाला? बाया काय म्हणतील? बिनलग्नाची बाई अन् असल्या तपासणीला!"

सगुणाबाईलाही लाज वाटली. पाठ आजवर कुणाला दाखवली नव्हती. पण सकाळपासून उभं राहून पाय भरून आले होते. बाकावर जागा झाली, ती बसली. एकदा बसल्यावर उठवेना.

पडद्याआड डॉक्टरीणबाईनं पाठ पाहिली आणि त्यावर अवाक्षर काढलं नाही. छाती चाचपताना मात्र हात एका जागी थांबला.

"ही गाठ कधीपासून?"

"ध्यानात न्हाई."

"बहुतेक साधीच असेल. पण जालन्याला जाऊन सुई लावून तपासून घ्या. सोबत कुणाला तरी आणा."

घरी सांगितल्यावर काकासाहेब म्हणाला, "कापूस घरात येऊ दे. वेचणी उरकली की बघू." साळूबाई म्हणाली, "मी आले तर घरचं कोण बघंल?" दोघंही वाईट नव्हती. सगुणाबाईच्या दुखण्याची त्यांना सवयच नव्हती. वेचणी उरकली, मग तुरीची कापणी आली. ती शेतात जात राहिली. भाकरी थापताना हात छातीशी जायचा आणि ती तो खाली घ्यायची.

शेवटी ती लाडबाईला बोलली. लाडबाई म्हणजे कापडवाल्या मूलचंदची बहीण. लहानपणी पोलिओनं पाय गेला, म्हणून तीही माहेरीच राहिलेली. दुकानात आत बसून साड्यांना फॉल लावायची.

"मी येते," लाडबाई म्हणाली.

"तुझा पाय?"

"पाय घेऊनच येते की. जीपमधी बसायचंच तर हाय."

जालन्याच्या दवाखान्यात खिडकीतल्या माणसानं विचारलं, "पेशंट कोण?" सवयीनं सगुणाबाईनं लाडबाईकडं बोट केलं.

"मी न्हाई वो, ही!" लाडबाई म्हणाली.

सुई लावताना लाडबाईनं तिचा हात धरून ठेवला. निकालासाठी पुन्हा एक खेप झाली. गाठ साधी होती. वर्षाला दाखवत जा, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं. आनंद व्हावा एवढी ताकदच सगुणाबाईत उरली नव्हती. येताना जीपमध्ये ती लाडबाईच्या खांद्यावर झोपून गेली.

काही दिवसांनी ती दुकानात गेली. "आता तू चल."

"मला काय झालंय?"

"मला तरी कुठं काय होत होतं?"

लाडबाईनं आधी भाचीच्या लग्नाचं निमित्त काढलं, मग उन्हाचं. मूलचंद म्हणाला, "बिलकुल धडधाकट हाय ती, कशाला फालतू खर्चा?" एके दिवशी सगुणाबाई सकाळीच दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. वाद घातला नाही, नुसती बसून राहिली. गिऱ्हाइकं तिला ओलांडून आत जायला लागली, तशी लाडबाई चप्पल शोधू लागली. तपासणीत तिला साखर निघाली, बरीच वाढलेली. पेढे बंद झाले आणि महिनाभर ती सगुणाबाईशी धड बोलली नाही.

पुढच्या हिवाळ्यात साळूबाईच्या कंबरदुखीनं पुन्हा उचल खाल्ली. काकासाहेब म्हणाला, "सगुणे, उद्या हिला जालन्याला ने."

"उद्या न्हाई. उद्या माझी अन् लाडबाईची तपासणी हाय. परवा नेते."

काकासाहेब बघतच राहिला.

ठरल्याप्रमाणे दोघी जाऊन आल्या. दुसऱ्या दिवशी सगुणाबाई साळूबाईला घेऊन निघाली. साळूबाईला भरती करून घेतलं, म्हणून सगुणाबाईलाही तिथंच राहावं लागलं. परत आली तेव्हा अंग ठणकत होतं आणि न्हाणीघरात धुण्याचा ढीग तसाच पडून होता. तिनं पदर खोचला आणि बादली भरायला लावली.