देगलूर सोडून कुठंही

देगलुरात खाजाभाईंचा आवाज ऐकला नाही असा माणूस सापडणार नाही. रिक्षावर भोंगा बांधून ते उमरभर गावात फिरले. साड्यांचा सेल, नळाची पाळी, हरवलेलं लेकरू, कुणाची मय्यत. मराठीत सांगायचे, दखनीत सांगायचे, बाजारात तेलुगूतही. आमचे सगळे मोर्चे त्यांनीच पुकारले. भाषणं माझी गाजली, पण माणसं त्यांनी जमवली.

मग एआय आलं. दुकानदार मोबाइलवर दोन ओळी टाकतो, मशीन बोलतं, झालं. पेपरवाले लिहायलेत, उद्या हे डॉक्टर-वकिलांची कामं करणार. करंल तेव्हा करंल. आमच्याकडं सुरुवात भोंग्यापासून झाली.

पण मशीन पुण्याचं बोलायचं, गिऱ्हाईक हलायचं नाही. म्हणून नांदेडच्या एका जाहिरात एजन्सीचा माणूस खाजाभाईंच्याच दारात आला. दोन दिवस बोलून आवाज भरून द्या, एकदाच पैसे घ्या. पुढं मशीन तुमच्या आवाजात पाहिजे ते बोलंल.

माझं डोकं फिरलं. मोर्चा काढू म्हणालो.

"काढा की," खाजाभाई म्हणाले. "पुकारायला कुणाला सांगता, मशीनला?"

काम तसंही उरलं नव्हतं. ते सही करायला निघालेच होते. अडवलं ते त्यांच्या बायकोनं, खातूनबीनं.

"उद्या तुमी गेले, मी इद्दतीत चार महिने धा दिवस घरात बसले, आन् गल्लीतून तुमचाच आवाज साड्या इकत आला, तर मी काय करू?"

एजन्सीवाला हसला. मी त्याची गचांडी धरणारच होतो, खाजाभाईंनी माझा हात आवळला. मग मी वाद घातला. माणूस मेला की आवाज बंद, ही अट टाका म्हणालो. अशी अट कुणीच मागत नाही, म्हणाला. मानली नाही. शेवटी एवढंच पदरात पडलं: हा आवाज देगलूर सोडून कुठंही वाजवा. खातूनबीनं मान हलवली, ती राजी होऊन नाही, थकून.

आता देगलुरात दुसऱ्याच कुणाचा तरी मशीनी आवाज फिरतो. खाजाभाई भोंगा काढून सवाऱ्या मारतात.

परवा शिरूर अनंतपाळला तहसीलवर निवेदन द्यायला गेलो होतो. बाहेर चहा पीत होतो अन् मागून खाजाभाई आले. हाक मारायला उठलोसुद्धा. रिक्षात भलताच माणूस, तंबाखू मळत बसलेला. भोंगा गाद्यांचा सेल सांगत होता.

मी खाजाभाईंना फोन लावला, भोंग्याकडं धरला. त्यांनी सगळा सेल ऐकून घेतला.

"दम घेत न्हाई तो," मग म्हणाले. "एवढं लांबलचक बोलताना मी कुठंतरी दम घेतला असता."

"ठेवू का फोन?"

"राहू द्या जरा. खातूनबी बाहेर गेलीय."