यंत्राला राग सापडला

मैत्रिणींनो, दुपारीच रोह्याहून परतले. डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून लिहिते.

माझी धाकटी बहीण शकू कासू गावात राहते. तिच्या नवऱ्याचा उजवा हात अर्धांगवायूने लुळा पडलाय. रोह्यातल्या एका फिजिओथेरपी केंद्रात त्याच्या डोक्याला तारांची टोपी आणि डोळ्यांवर व्हीआर हेडसेट लावतात. मेंदू जसा प्रतिसाद देईल, तसा खेळ बदलतो. आजवर तो खेळात आंबे तोडायचा. पण प्रत्यक्षात बोटही हलत नव्हतं.

आज यंत्राने आपणहून खेळ बदलला. काठ्या घेतलेली माणसं त्याच्या अंगावर धावून आली. तो शिव्या देऊ लागला, मानेच्या शिरा फुगल्या.

"मस्त सिग्नल! वहिनी, त्यांचा हात धरा," थेरपिस्ट ओरडला.

शकू पुढे झाली आणि तोच लुळा हात मूठ वळून तिच्या तोंडावर आदळला. दात तुटला, पदरावर रक्त सांडलं. सोबत आलेली तिची सासू आणि दीर मात्र टाळ्या वाजवत होते! मीच हेडसेट ओढून काढला.

"रागात यांचा मेंदू उत्तम चालतो, हे यंत्राने शोधलं. उद्याही हाच खेळ लावू," थेरपिस्ट खुशीत होता.

"आम्हाला न विचारता?"

"काकू, हात हलला ना!"

हलला, ते मी नाकारत नाही. पण चेतवलेला राग घरी उफाळला, तर तिथे काय ओढून काढायचं?

शकू तोंडावर रुमाल दाबून म्हणाली, "गप गो ताय. उद्या मी जरा लांब उभी राहीन."

सांगा, तुमच्या बहिणीला तुम्ही काय सांगितलं असतं?